हंगामी पर्यटन कामगारांसाठी दिवाळखोरीचा अर्ज

तारकर्ली-देवबागची पर्यटन बोट मे अखेरीस किनाऱ्यावर ओढून ठेवली जाते. हप्ता मात्र जूनमध्येही द्यावाच लागतो. तो भरायला दुसरं कर्ज, त्याच्या व्याजासाठी तिसरं. फेड होणारच नाही असं दिसू लागलं, तर कायद्यात वाट आहे.

२०१६ ची दिवाळखोरी संहिता व्यक्तींपैकी फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू झाली आहे. त्यामुळे सिंधुदुर्गातल्या कामगाराचा अर्ज १९२० च्या प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरी) कायद्याखाली, ओरोसच्या जिल्हा न्यायालयात. मुंबईकरांना १९०९ चा नादारी कायदा आणि उच्च न्यायालय.

पात्रता सोपी आहे. कर्ज फेडता येत नसावं आणि ते किमान ५०० रुपये असावं. रक्कम १९२० ची आहे, म्हणून एवढी लहान. कर्ज त्याहून कमी असलं, तरी पैशाच्या हुकूमनाम्यावरून (पैसे द्या, या न्यायालयाच्या निकालावरून) अटक किंवा जप्ती झालेली असेल तर चालतं.

खरं काम यादीचं. ज्यांचे पैसे द्यायचे आहेत त्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, रक्कम लिहायची. बँक, पतसंस्था आठवतात; पावसाळ्यात किराणावाल्याच्या वहीवर चढलेली उधारी आणि मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने राहून जातात. तेही लिहा. मग मालमत्ता: बोट, इंजिन, दागिने, प्रत्येकाची किंमत आणि ती कुठे आहे ते. सोबत कर्जाचे करार, खातेउतारे, आलेल्या नोटिसा, ओळख आणि रहिवासाचा पुरावा ठेवा. पूर्वी असा अर्ज केला होता का, हेही सांगावं लागतं.

अर्जाआधी बोट भावाच्या नावावर करू नका, हे कळकळीने सांगतो. दोन वर्षांच्या आतलं असं हस्तांतर रद्द होऊ शकतं आणि मालमत्ता लपवली तर एक वर्षापर्यंत कैद आहे. नेसते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं, मजुराचं राहतं घर यांना तसंही संरक्षण आहे.

नादार ठरवल्यावर न्यायालयाच्या परवानगीशिवाय कर्ज देणाऱ्याला दावा लावता येत नाही. तारण घेतलेली बँक मात्र तारण विकू शकते, आणि जामीनदार सुटत नाही. सही करणाऱ्या बहिणीला हे आधीच सांगा.

आदेशात कर्जमुक्तीच्या अर्जाची मुदत दिलेली असते. ती चुकली तर नादारीचा आदेशच रद्द होतो, म्हणून तारीख भिंतीवर लिहून ठेवा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा; महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.