लगन झालं का विमानातली नोकरी गेली?

दारव्हा-दिग्रसकडे एखाद्या पोरीनं केबिन क्रूच्या कोर्सचं नाव काढलं की कुणीतरी म्हणतंच, "लगन झालं का नोकरी गेली समजा. पैसा कायले घालता?"

आज हे सरसकट खरं नाही. पण अफवेला मूळ आहे. एअर इंडियात हवाईसुंदरींसाठी नियमच तसा होता: 35व्या वर्षी निवृत्ती, नोकरीच्या पहिल्या 4 वर्षांत लग्न केलं तर घरी, अन् पहिल्यांदा दिवस गेले तरी घरी. त्या कोर्टात गेल्या. 1981 साली नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं गरोदरपणाची अट रद्द केली, तिला भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान म्हटलं. 4 वर्षांची लग्नाची अट मात्र तेव्हा कायम ठेवली. हे फारसं कुणी सांगत नाही.

आजही गरोदर क्रूला विमानात ड्युटी देत नाहीत. ती तात्पुरती वैद्यकीय बंदी, पण गावात तिलाच "काढून टाकलं" म्हणतात. प्रत्यक्षात पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा कायद्यानं मिळते (आधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम झालेलं हवं), आणि त्या रजेत कामावरून काढणं बेकायदा आहे. जाहिरातीत "अविवाहित" दिसलं, तर अट भरतीपुरती की पुढेही, हे लेखी विचारा.