स्नॅपशॉट आहे, पण बॅकअप कुठे आहे?

फाइल चुकून डिलीट झाली, तासाभरापूर्वीचा स्नॅपशॉट (त्या क्षणी डेटा जसा होता तशी गोठवलेली स्थिती) उघडला आणि ती जशीच्या तशी मिळाली. असं दोन-तीनदा झालं की माणूस निर्धास्त होतो. पण स्नॅपशॉट मूळ डेटाच्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की डेटाही गेला आणि त्याचे सगळे स्नॅपशॉटही गेले.

स्नॅपशॉट मुळात बनतो कसा, ते पाहू. झेडएफएस (सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये खुली केलेली) किंवा लिनक्सची बीटीआरएफएस या फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइल मांडून ठेवणाऱ्या व्यवस्था) सहसा जुन्या मजकुरावर नवा मजकूर लिहीत नाहीत. बदललेला ब्लॉक, म्हणजे डेटाचा तुकडा, मोकळ्या जागी लिहितात. याला म्हणतात 'कॉपी ऑन राइट'. झेडएफएसमध्ये मोठ्या फाइलचा ब्लॉक साधारणपणे १२८ किलोबाइटचा असतो. त्यातलं एक अक्षर बदललं तरी अख्खा ब्लॉक नव्या जागी उतरतो. ब्लॉक झाडासारखे एकाखाली एक जोडलेले असतात. त्याचा नवा पत्ता वरच्या ब्लॉकमध्ये नोंदवायचा, म्हणून तोही नव्याने लिहायचा, मग त्याच्या वरचा, असं थेट झाडाच्या मुळापर्यंत. स्नॅपशॉट म्हणजे ते जुनं मूळ धरून ठेवणं, एवढंच. म्हणून तो क्षणात होतो आणि सुरुवातीला जागाही जवळजवळ खात नाही. कॉपी झालेलीच नसते.

दुसऱ्या डिस्कवर ती कॉपी 'सेंड' आणि 'रिसीव्ह' या आदेशांच्या जोडीने होते. पहिल्यांदा सगळा डेटा पाठवावा लागतो. खरी गंमत दुसऱ्या दिवशी. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकच्या पत्त्यासोबत त्याचा जन्मक्रमांकही नोंदवते, म्हणजे तो कधी लिहिला गेला ते कळतं. मंगळवारच्या स्नॅपशॉटच्या मुळापासून खाली उतरताना एखाद्या फांदीचा जन्म सोमवारच्या स्नॅपशॉटआधीचा निघाला, तर ती अख्खी फांदी सोडून द्यायची. खाली काही बदललं असतं तर फांदीही नव्याने लिहिली गेली असती. ५०० जीबीच्या एकाच फाइलमध्ये १ जीबी बदललं, तर साधारण तेवढंच वाचायचं आणि पाठवायचं. आरसिंकला (फाइल कॉपी करण्याचं नेहमीचं साधन) बदल शोधायला ती फाइल दोन्हीकडे पूर्ण वाचावी लागते. ही रचना मला फार सुंदर वाटते.

अट एकच: सोमवारचा स्नॅपशॉट दोन्हीकडे शिल्लक हवा. जागा करायला मी एकदा तोच उडवला आणि सगळा डेटा पहिल्यापासून पाठवत बसलो. झेडएफएसमध्ये यावर 'बुकमार्क' आहे: पाठवणाऱ्या बाजूला फक्त ती खूण राहते, डेटा राहत नाही. घेणाऱ्याकडे मात्र स्नॅपशॉट लागतोच.

सेंडमधून निघणारा प्रवाह फाइल म्हणून साठवून ठेवता येतो, पण मी तो सल्ला देणार नाही. फाइलमध्ये एक बिट बिघडला तरी रिसीव्ह ती नाकारतं, आणि हे कळतं ते नेमकं डेटा परत हवा असताना. पलीकडच्या डिस्कवर रिसीव्ह करून ठेवलं, तर 'स्क्रब' चालवून प्रत्येक ब्लॉक वेळोवेळी तपासता येतो आणि हवी ती फाइल उघडूनही बघता येते.

शेवटचा प्रश्न परवानगीचा. मूळ मशीनला बॅकअपवरचे स्नॅपशॉट डिलीट करता येत असतील, तर त्या मशीनमध्ये शिरलेल्यालाही करता येतात. म्हणून मूळ मशीनला बॅकअप मशीनचा पासवर्ड किंवा किल्ली द्यायचीच नाही. बॅकअप मशीननेच ठरल्या वेळी येऊन डेटा ओढून न्यायचा, आणि तिलाही इकडे फक्त सेंड करण्यापुरतीच परवानगी द्यायची.