डिग्रीच्या आड राहिलेली प्रथिने

सोलापूर भागात खिलार गाय पाळली ती बैलांसाठी. विकायचे दूध म्हशीचे. उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले, कालव्याखाली ऊस पसरला आणि पुढे गोठ्यात होलस्टीन या विदेशी जातीच्या संकरित गाई आल्या. शुद्ध होलस्टीनच्या दुधात प्रथिने 3.1-3.2 टक्के, जर्सीत साडेतीनच्या वर. वळू निवडला तो लिटर बघून, आणि लिटर वाढले की टक्का उतरतो.

खरा घोळ दुधाचा दर ज्यावर ठरे त्या एसएनएफ या शब्दाने घातला. फॅट सोडून उरलेल्या घन पदार्थांत दुग्धशर्करा, प्रथिने आणि क्षार एकत्र मोजले जातात. साडेआठ एसएनएफमध्ये प्रथिने साधारण 3.2, बाकी बहुतेक शर्करा, आणि ती चाऱ्याने फारशी हलत नाही. दूध संकलन केंद्रावर हा आकडाही थेट मोजत नसत, दुधाची घनता डिग्रीत दाखवणाऱ्या लॅक्टोमीटरवरून काढत: डिग्री भागिले 4, अधिक फॅटची 0.25 पट, अधिक 0.44. फॅट 3.5, डिग्री 29 असेल तर 8.57 येते. दुसऱ्या सूत्रात फॅटला 0.21 ने गुणून 0.36 मिळवतात, तेच दूध 8.35 भरते. म्हणजे गाईने काहीच न करता दूध साडेआठच्या मर्यादेखाली! धारोष्ण दुधात डिग्री कमी दिसते, साखर घातली तर वाढते. प्रथिनांचा वेगळा पैसा नसल्याने ती वाढवायची कुणाला घाई नव्हती.

एसएनएफ लागेना की सरकी पेंड वाढवायची, हा उपाय तेव्हाचाच. पण प्रथिनांचा मोठा भाग कोठीपोटातले, म्हणजे गाईच्या पहिल्या मोठ्या पोटातले, जिवाणू तयार करतात आणि त्यांना पेंडीसोबत ऊर्जा लागते. उसाच्या वाढ्यावर आणि कडब्यावर ती अपुरी पडते. मग जादा पेंडीचा युरिया होऊन दुधात आणि मुतात जातो. पेंडीतले तेल जास्त झाले तर प्रथिने आणखी उतरतात. 2012-13 आणि 2018-19 च्या दुष्काळी चारा छावण्यांत उसावरच जनावरे जगली, तिथे याहून वेगळे होणार नव्हते. मक्याचा भरडा आणि मुरघास (हवाबंद दाबून मुरवलेला हिरवा मका) आल्यावर ऊर्जेची बाजू सावरली, तीही मका दाण्यात अर्धा चीक असताना कापला तर. कोवळा कापला तर पाणी सुटते, वाळवून कापला तर नीट दाबला जात नाही आणि बुरशी धरते. नुसत्या चाऱ्याने टक्का दोन-तीन दशांशच हलतो. एप्रिल-मेच्या उन्हात गाय खातच कमी, त्यामुळे तोही जातो.

आता पावतीवर प्रथिनांचा रकाना छापून येतो. गावातली बरीच यंत्रे ध्वनिलहरींवर चालतात. त्यांतला हा आकडा एसएनएफवरूनच गणिताने काढलेला असतो. प्रथिने स्वतंत्रपणे मोजणारी अवरक्त किरणांची यंत्रे महाग, ती डेअरीच्या प्रयोगशाळेत असतात.