कायदा आणि समाज (अभ्यासशाखा)

कायदा कसा घडतो, तो कोणापर्यंत पोहोचतो, लोक तो पाळतात, टाळतात की वाकवतात, आणि या सगळ्यात समाज व कायदा दोघेही कसे बदलत जातात, याचा विद्यापीठीय अभ्यास. ‘कायद्याचे समाजशास्त्र’ हे तिचे दुसरे प्रचलित नाव. विधी महाविद्यालयात मुख्यतः कायद्याचा अर्थ शिकवला जातो : कलम काय म्हणते, न्यायालयाने त्याचा अन्वय कसा लावला, दोन निवाड्यांतला विरोध कसा सोडवायचा. या शाखेचा विद्यार्थी तेच कलम हातात घेऊन तलाठी कार्यालयात, पोलीस ठाण्यात, पंचायतीच्या ओट्यावर जातो आणि तिथे त्याचे काय होते ते पाहतो.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे हक्कसोडपत्र, म्हणजेच मिळकतीतला आपला हिस्सा सोडल्याचा लेख. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ मध्ये झाला. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली तिच्यातून वगळल्या होत्या. केंद्राची दुरुस्ती २००५ मध्ये आली आणि तिने विवाहित-अविवाहित हा भेद ठेवला नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क जन्मानेच मिळतो. २००५ ची दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात असण्याची गरज नाही. कागदावर प्रश्न मिटला. प्रत्यक्षात वडील गेल्यावर वारसनोंदीची वेळ येते, बहिणींना बोलावणे जाते, दुय्यम निबंधकासमोर त्या हक्क सोडल्याची सही करतात, फेरफार होतो आणि सातबाऱ्यावर भावांचीच नावे उरतात. बहिणीला साडीचोळी मिळते. यात बेकायदेशीर काहीच नाही. स्वतःचा हिस्सा सोडण्याची मुभा कायदाच देतो, आणि निबंधकाला दिसते ती तिची संमती.

ही संमती कशाची बनलेली असते, हा या शाखेचा प्रश्न आहे. लग्नात झालेला खर्च आणि हुंडा हाच हिस्सा मानला जातो. वाटा मागितला तर माहेर तुटेल, आणि सासरी काही बिनसले तर परतायला दार उरणार नाही, ही भीती असते. म्हातारी आई भावाकडे असते. सासरची माणसे उलट वाटा मागायला लावतात, तेव्हा ते मागणेही तिचे स्वतःचे असतेच असे नाही. ‘बायकांना कायदा माहीत नाही’ एवढे म्हणून थांबणारा अभ्यास वरवरचा ठरतो. पुष्कळ जणींना तो चांगला माहीत असतो. माहीत असूनही त्या सही का करतात, हे समजून घ्यायला निवाडे पुरत नाहीत. घराची, नात्याची आणि जमिनीची व्यवस्था समजून घ्यावी लागते.

शाखेची पायाभरणी ज्या विचारवंतांनी केली त्यांत ऑस्ट्रियन साम्राज्यातील ऑयगेन एर्लिश याचे स्थान वेगळे आहे. चेर्नोव्हित्सच्या विद्यापीठात तो रोमन कायदा शिकवत असे. हे शहर आज युक्रेनमध्ये आहे. भोवतालच्या बुकोव्हिना प्रांतात रुमानियन, रुथेनियन, जर्मन, ज्यू, आर्मेनियन, रोमा असे अनेक समाज शेजारी-शेजारी राहत. ऑस्ट्रियाची दिवाणी संहिता सर्वांना सारखीच लागू होती, पण त्यांचे विवाह, वारसा आणि शेतीचे करार आपापल्या रीतीने चालत. संहितेने मुलांना स्वतःच्या कमाईवर हक्क दिला होता, तरी तिथल्या शेतकरी घरांत ती कमाई बापाच्या हाती जाई आणि त्यावर कोणी तक्रारही करत नसे. एर्लिशने विद्यार्थ्यांना प्रश्नावल्या देऊन अशा चालींची माहिती गोळा करायला लावले. प्रत्यक्ष जगण्याचे नियमन करणाऱ्या या नियमांना त्याने ‘जिवंत कायदा’ म्हटले. १९१३ मध्ये त्याचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास, १९१० मध्ये, अमेरिकेत रॉस्को पाउंडने पुस्तकातला कायदा आणि व्यवहारातला कायदा हा भेद मांडला होता. समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेम आणि स्वतः कायद्याचे शिक्षण घेतलेला माक्स वेबर यांच्याशिवाय आजही कोणताही अभ्यासक्रम पुरा होत नाही.

आपल्याकडे ‘शास्त्रात् रूढिर्बलीयसी’ (शास्त्राहून रूढी बलवान) हे वचन फार जुने आहे, आणि रूढी नोंदवण्याचे कामही एर्लिशच्या बरेच आधी झाले होते. पेशवाई संपल्यावर मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या आदेशावरून आर्थर स्टील याने दख्खनमधील जातींचे कायदे आणि चालीरीती संकलित केल्या. हे संकलन १८२७ मध्ये मुंबईत छापले गेले. त्याच वर्षीच्या मुंबई विनियमात दिवाणी दाव्यांसाठी लिखित विनियमांनंतर देशाचार आणि त्यानंतर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा असा क्रम ठरला. स्टीलचे काम राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी होते, हे विसरून चालणार नाही. जातीच्या पुढाऱ्यांनी सांगितलेली चाल हीच जातीची चाल म्हणून छापली गेली. त्याच जातीतल्या बायकांना विचारले असते तर काही नोंदी वेगळ्या आल्या असत्या. त्याही मागे जायचे तर गोतसभा व मजलस (तंटे ऐकणाऱ्या सभा) आणि महजर (त्यांच्या निवाड्याचा लेख) ही मराठेशाहीतली न्यायव्यवस्था आहे. मूळ कागदपत्रांवरून तिचा अभ्यास करणारा वि. त्र्यं. गुणे यांचा प्रबंध पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५३ मध्ये प्रसिद्ध केला.

दुसऱ्या महायुद्धानंतर या विषयाला संस्थात्मक रूप आले. स्ट्युअर्ट मॅकॉलेने १९६३ मध्ये विस्कॉन्सिनमधील उद्योजकांशी बोलून दाखवले की व्यापारी तंटे मिटवताना करारपत्राकडे क्वचितच पाहिले जाते; शब्द आणि पुढचा धंदा यांना अधिक वजन असते. मार्केट यार्डातल्या अडत्याला यात नवल वाटणार नाही. १९६४ मध्ये अमेरिकेत या विषयाच्या अभ्यासकांची संघटना स्थापन झाली, आणि स्पेनच्या बास्क प्रदेशात ओन्याती येथे कायद्याच्या समाजशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. भारतातील जात आणि राखीव जागांचा दीर्घ अभ्यास करणाऱ्या मार्क गॅलंटरने १९७४ मध्ये मांडले की न्यायालयात वारंवार येणारा पक्षकार (सरकार, विमा कंपनी, बँक) आणि आयुष्यात एकदाच येणारा पक्षकार यांची लढत मुळातच विषम असते. भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी वर्षानुवर्षे तारखांना जाणाऱ्या शेतकऱ्याची स्थिती समजून घ्यायला ही मांडणी आजही उपयोगी पडते.

भारतात ही शाखा खऱ्या अर्थाने सार्वजनिक झाली ती महाराष्ट्रातल्या एका खटल्यामुळे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरले, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणजे संमती होती, असा तो तर्क होता. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार विधी अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. पोलीस ठाण्यात, रात्री, एका गरीब आदिवासी मुलीने नमणे म्हणजे संमती देणे नव्हे, हा त्याचा गाभा होता. युक्तिवाद कायद्याचा होता, पण तो सुचण्यासाठी ठाण्यातली सत्ता, जात, वय आणि लिंग एकत्र पाहावे लागले. पुढे देशभर आंदोलने झाली, १९८३ मध्ये फौजदारी कायदा आणि पुरावा कायदा बदलला, आणि कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संमती नव्हती असे पीडितेने सांगितल्यास न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, अशी तरतूद आली. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे मात्र कायद्यात स्पष्टपणे लिहायला २०१३ उजाडावे लागले.

जिवंत कायदा नेहमी दुबळ्यांच्या बाजूचा असतो, असा समज करून घेणे धोक्याचे आहे. जातपंचायतींचे दंड आणि वाळीत टाकणे हाही जिवंत कायदाच. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. त्याचा अभ्यास करणाऱ्याला विचारावे लागते की वाळीत पडलेले कुटुंब तक्रार करायला गेले, तर दुसऱ्या दिवशी त्याला दळण कोण दळून देईल. गोव्यात चित्र आणखी निराळे दिसते. पोर्तुगीज काळातील १८६७ च्या दिवाणी संहितेचा वारसा तिथे टिकून आहे. पती-पत्नीची मिळकत साधारणतः सामाईक धरली जाते, आणि मृत्युपत्र करूनही मुलांना त्यांच्या राखीव हिश्श्यातून बेदखल करता येत नाही. लागून असलेल्या मुलखांत दोन कौटुंबिक कायदे नांदतात. तुलनात्मक अभ्यासाला याहून सोयीचे क्षेत्र क्वचित सापडेल.

भारतीय विद्यापीठांत हा विषय बहुधा तुकड्यातुकड्यांनी शिकवला जातो. पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी.मध्ये समाजशास्त्राचे पेपर असतात, अनेक ठिकाणी एलएल.एम.ला ‘कायदा आणि सामाजिक परिवर्तन’ असतो, आणि समाजशास्त्र विभागांत तो एखादा ऐच्छिक पेपर म्हणून येतो. समाजशास्त्र पहिल्या दोन वर्षांत उरकायचे आणि मग ‘खऱ्या’ कायद्याकडे वळायचे, या रचनेने विषयाचे नुकसान झाले आहे. पद्धती मात्र ठरलेल्या आहेत : न्यायालयात बसून कामकाजाची नोंद घेणे, निकाली प्रकरणांच्या फायली वाचणे, पक्षकार, वकील आणि कारकून यांच्या मुलाखती, गावात मुक्काम. संशोधकाने सरकारी आकडेवारीही सावधपणे वाचायची असते. गुन्ह्यांची नोंद वाढली म्हणजे गुन्हे वाढले की तक्रार करण्याचे धैर्य वाढले, हे आकडा सांगत नाही.

भाषेचा प्रश्न या अभ्यासांतून फारसा हाताळला गेलेला नाही. गडचिरोलीत माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या साक्षीदाराचा जबाब पोलीस मराठीत लिहून घेतात, न्यायालयातली साक्षही मराठीतच नोंदली जाते, आणि अपिलात न्यायमूर्ती तिचे इंग्रजी भाषांतर वाचतात. ‘नको म्हटले’, ‘बोलले नाही’, ‘गप्प राहिले’ यांतला फरक या दोन भाषांतरांत कुठे पुसला जातो, हे शोधायचे तर तिन्ही कागद शेजारी ठेवून वाचता येणारा विद्यार्थी हवा.