‘ॲक्रिलिक आहे ना, मग मास्क कशाला?’

गनप्ला, म्हणजे बँडाई कंपनी १९८० पासून काढत असलेली गंडम रोबोंची प्लास्टिक किट्स, रंगवायला घेतली की नवख्याला हमखास सल्ला मिळतो: लॅकर (थिनरने पातळ होणारा रंग) असेल तर मास्क लाव, ॲक्रिलिक काय, पाण्याचा रंग, त्याला काही नको. हे अर्धंच खरं आहे.

लॅकर जास्त उग्र, मान्य. पण ब्रश पाण्यात धुता येतो म्हणून तामिया कंपनीचा ॲक्रिलिक निव्वळ पाण्याचा होत नाही. त्यात अल्कोहोल असतं. झाकण उघडताच येणारा वास त्याचाच. वॅलेहो कंपनीच्या ॲक्रिलिकसारख्या रंगांना वास कमी, तरी एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) ०.३ मिमीच्या नोझलमधून त्यांचंही धुकंच करतो. रोबोच्या खांद्यावर बसेल तेवढं बसतं, बाकीचं हवेत. फवारणी झाल्यावर टेबलावर बोट फिरवून बघा. जी कोरडी भुकटी बोटाला लागते, तीच मघापासून नाकात जात होती.

कोविडमधला उरलेला एन९५ लावला तर कण अडतात, सॉल्व्हंटची, म्हणजे रंगातल्या अल्कोहोल-थिनरसारख्या द्रवाची, वाफ नाही. तिच्यासाठी सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज आणि सोबत कणांचा फिल्टर असलेला रेस्पिरेटर हवा. (कापडी मास्कचं नावच काढू नका.) छताचा पंखा सोडणं म्हणजे धुकं घरभर वाटणं, हवा खिडकीबाहेर फेकणारा स्प्रे बूथच कामाचा.

आणि त्याच खोलीत देवापुढे दिवा लावलेला असेल, तर लॅकरची बाटली उघडूच नका. थिनरची वाफ पेट घेते.