एकाच गाडीला ट्रेलरही जुंपायचा असेल तर

गाडीच्या माहितीपत्रकात एक आकडा ठळक छापलेला असतो: ओढण्याची क्षमता १५०० किलो, नाहीतर २००० किलो. बहुतेक जण तो बघतात, मग इंजिनाची हॉर्सपॉवर बघतात, आणि रोज एकट्याने कामावर जायला आणि वर्षातून काही वेळा बोटीचा किंवा सामानाचा ट्रेलर न्यायला हीच गाडी पुरेल की नाही, ते ठरवून मोकळे होतात. माझ्या मते गफलत इथेच होते. सपाट रस्त्यावर ट्रेलर ओढायला फारशी ताकद लागतच नाही. गाडीचा कस लागतो तो ट्रेलर सरळ ठेवताना, उतारावर त्याला आवरताना आणि या सगळ्यात तयार होणारी उष्णता बाहेर टाकताना.

आधी ताकदीचा हिशेब करू. समजा गाडी १५०० किलोची आहे आणि भरलेला ट्रेलरही १५०० किलोचा. टायर रस्त्यावरून फिरताना जो विरोध होतो तो वजनाच्या साधारण एक टक्का असतो, म्हणजे या जोडीला सुमारे ३०० न्यूटन. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरला नुसत्या कारला तो २०० न्यूटनच्या आसपास असतो. मागे कारपेक्षा उंच, चौकोनी ट्रेलर असेल तर ५०० धरू. बेरीज झाली ८०० न्यूटन. एवढा विरोध मोडत ताशी ८० ने जायला चाकांपाशी साधारण १८ किलोवॉट, म्हणजे २४ हॉर्सपॉवर पुरतात. बहुतेक लहान कारकडेही याच्या दुपटीहून जास्त शक्ती असते.

आता रस्ता चढाचा घेऊ, शंभर मीटरला सहा मीटर चढणारा. इथे गुरुत्वाकर्षणच जवळजवळ १७६० न्यूटनने मागे खेचतं. वेग ताशी ६० वर आणला तरी चाकांपाशी ३९ किलोवॉट, म्हणजे ५२ हॉर्सपॉवर लागतात. शंभर हॉर्सपॉवरच्या इंजिनाला हेही जमतं. पण रोजच्या रस्त्यावर एखादा ओव्हरटेक करताना इंजिन एवढी शक्ती दहा सेकंद देतं आणि विसावतं. लांबलचक घाटात तीच शक्ती वीस-वीस मिनिटं सलग द्यावी लागते. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होते. चाकांना ३९ किलोवॉट द्यायचे तर रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे ८० किलोवॉटच्या आसपास उष्णता बाहेर फेकावी लागते. दोन किलोवॉटचे चाळीस हीटर बॉनेटखाली एकदम चालू केल्यासारखं हे आहे.

गिअरबॉक्सचे हाल याहून वाईट. नेहमीच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि चाकं यांच्यात टॉर्क कन्व्हर्टर असतो, आणि तो तेलाच्या प्रवाहातून जोर पुढे पोचवतो. कमी वेगात, जास्त ओझ्याखाली त्यात घसर होते आणि घसरीची सगळी ऊर्जा त्या तेलात उष्णता होऊन साठते. तेल फार तापलं की पातळ होतं, त्याचा गुण जातो आणि आतल्या क्लचच्या चकत्या झिजायला लागतात. मॅन्युअल गाडीत हेच संकट चढावर गाडी उठवताना येतं. क्लच जळाल्याचा तो उग्र वास ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. म्हणूनच एकाच मॉडेलमध्ये, एकाच इंजिनासह, केवळ गिअरबॉक्स बदलला तरी ओढण्याच्या क्षमतेचा आकडा बदलतो. तुम्हाला घ्यायची आहे त्याच इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडीचा आकडा बघा, जाहिरातीतल्या गाडीचा नको. आणि मार्ग उंच डोंगरांतला असेल तर टर्बो, म्हणजे हवा दाबून आत भरणारा पंखा, असलेलं इंजिन बरं. दोन हजार मीटर उंचीवर हवा विरळ होते आणि साध्या इंजिनाची साधारण पाचवा हिस्सा शक्ती तिथे गळते.

हा आकडा ठरतो कसा, तेही कळायला हवं. अमेरिकेत आधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने तो ठरवायची. मग ऑटोमोबाइल अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने जे२८०७ नावाचं मानक आणलं. त्यातली एक परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढाची आहे: सुमारे १८ किलोमीटर सलग चढ, बाहेर ३८ अंश सेल्सिअस, एसी पूर्ण चालू, मागे पूर्ण वजनाचा ट्रेलर, आणि साध्या गाडीचा वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली येता कामा नये. दुसरी परीक्षा १२ टक्के चढावर उभ्या गाडीला पाच मिनिटांत पाच वेळा पुढे काढायची, आणि तसंच रिव्हर्समध्येही. या दोन परीक्षांत भर शर्यतीच्या वेगावर नाही. त्यांत कस लागतो तो उष्णता सोसण्याचा आणि जागेवरून उठण्याचा. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते.

चढलेलं उतरावंही लागतं. ३००० किलोंची जोडी ३०० मीटर उंचीवरून खाली येते तेव्हा सुमारे ८८ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ती सगळी ब्रेकवर टाकली, तर एवढ्या उष्णतेत २५ अंशाचं २८ लिटर पाणी उकळीपर्यंत पोचेल. डिस्कचं लोखंड मूठभर, आणि त्याच्या शेजारी ब्रेक ऑइल. डॉट ३ प्रकारचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा शोषत राहतं आणि ओलावलं की ही मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय पडतो, पेडल तळाला जातं आणि चाकांना काहीच कळत नाही. रोज सपाट शहरात फिरणाऱ्या गाडीचं जुनं ब्रेक ऑइल वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. ते उघडं पडतं ते ट्रेलर लावून घाट उतरतानाच. म्हणून मोठ्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावे लागतात, आणि घाट उतरताना खालचा गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा असतो.

सगळ्यात धोक्याची, आणि खरेदीच्या वेळी सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे ट्रेलरचं डोलणं. मी एकदा शेजारच्या सीटवर बसून ते अनुभवलंय. मोठा ट्रक बाजूने गेला, हवेचा धक्का बसला, ट्रेलर थोडा डावीकडे गेला, मग उजवीकडे, आणि प्रत्येक फेरीला गाडीचं ढुंगण जरा जास्तच ओढलं जायला लागलं. चालवणाऱ्याने ॲक्सिलरेटर हळूच सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, आणि वेग उतरताच ते आपोआप शमलं.

वेग उतरल्यावर ते का शमतं? ट्रेलर आडवा सरकायला लागला की त्याचे टायर त्याला विरोध करतात. हा विरोध, टायर आपल्या दिशेपासून किती तिरका सरकतोय, त्या कोनावर अवलंबून असतो. पुढे जाण्याचा वेग कमी असेल तर थोड्याशा आडव्या सरकण्यानेही कोन मोठा होतो आणि टायर जोरात रोखतो. वेग दुप्पट झाला की तेवढ्याच आडव्या सरकण्याचा कोन निम्मा, आणि रोखण्याचा जोरही निम्मा. वेग वाढवत गेलं की अशी एक मर्यादा येते जिच्या पलीकडे डोलणं विरायच्या ऐवजी वाढतच जातं. ही मर्यादा प्रत्येक जोडीची वेगळी असते आणि ती वर ढकलणं आपल्या हातात आहे.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ओझं नीट रचणं. बैलगाडीत ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळते, हे या भाषेने कधीच टिपून ठेवलंय. ट्रेलर उलाळला की हूकवरचा दाब कमी होतो आणि शेपटी मोकाट सुटते. हूकवर ट्रेलरच्या वजनाचा ठरावीक हिस्सा पडायला हवा. युरोपात साधारण ५ ते ७ टक्के धरतात, अमेरिकेत १० ते १५. तो मोजायला वजन करायचा घरातला काटाही चालतो. ट्रेलर सपाट जागी उभा करा, चाकांना उटी लावा, काट्यावर लाकडाचा ठोकळा उभा करा आणि ट्रेलरचं तोंड हूकच्या उंचीला येईल असं त्यावर टेकवा. काटा सांगेल तेच ते वजन. मात्र काट्याची क्षमता आधी बघून घ्या. आणखी एक बारकावा: जड वस्तू ट्रेलरच्या दोन्ही टोकांना ठेवूनही हूकवरचं वजन बरोबर जुळवता येतं, पण त्या वस्तू चाकांपासून दुप्पट लांब गेल्या की त्यांचं फिरण्याचं जडत्व चौपट होतं. जड ते चाकांवर, हलकं ते टोकांना.

हूकवरचं वजन गाडीला काय करतं ते बघा. हूक मागच्या चाकांच्या १.२ मीटर मागे आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.७ मीटर आहे. हूकवर १०० किलो टाकले तर मागच्या चाकांवर १४४ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे ४४ किलो कमी होतात, कारण गाडी आता तरफ झाली. बहुतेक रोजच्या कार पुढच्याच चाकांनी ओढतात, वळतात आणि जास्तीत जास्त ब्रेकही तिथेच लागतो. ओल्या चढावर पुढची चाकं जागेवर फिरतात ती यामुळे. एकाच वजनाच्या दोन गाड्यांत ज्या गाडीच्या चाकांमधलं अंतर जास्त आणि हूक मागच्या चाकांना जवळ, ती मला केव्हाही पसंत.

आणि आता तो हिशेब, जो माहितीपत्रकातल्या मोठ्या आकड्याला अनेकदा निकालात काढतो. रिकाम्या गाडीचं वजन १५०० किलो, भरलेल्या गाडीची परवानगी २००० किलो. उरले ५००. पाच मोठी माणसं ३७५ किलो, हूक आणि त्याची चौकट २०, डिकीतलं सामान ६०. शिल्लक ४५ किलो. हूकवरचं वजनही याच ५०० मध्ये मोजायचं असतं. १५०० किलोच्या ट्रेलरचं ते १०५ किलो असेल, तर पत्रकात क्षमता कितीही लिहिलेली असो, ही गाडी या कुटुंबासह हा ट्रेलर नेऊ शकत नाही. एक माणूस उतरवला तर नेईल. शोरूममध्ये ओढण्याच्या क्षमतेआधी हा उरलेल्या वजनाचा आकडा विचारा, आणि गाडी-ट्रेलर मिळून किती वजन चालतं, तोही.

मग सरळ मोठी गाडीच घ्यावी का? इथे वर्षाचे बाकीचे दिवस आठवा. १३०० किलोची गाडी ताशी ५० वरून ब्रेकने थांबवली तर सव्वा लाख ज्यूल वाया जातात, २३०० किलोची थांबवली तर सव्वादोन लाखांच्या जवळ. दिवसातून अशा चाळीस थांब्यांना फरक ३९ लाख ज्यूलचा. शहरात पेट्रोल इंजिनाने पाचवा हिस्सा ऊर्जा वापरली असं धरलं तर नुसत्या थांबण्या-निघण्याला रोज अर्ध्या लिटरहून थोडं जास्त पेट्रोल वाढतं, तेही एकटा माणूस आत बसलेला असताना. डिझेलचं दुखणं वेगळं. कमी आरपीएमला भरपूर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, म्हणून ओढायला उत्तम. पण धुरातली काजळी अडवणारी जाळी स्वतःला साफ करते ती साधारण ६०० अंशांना काजळी जाळून. रोज पाच किलोमीटर जाऊन बंद होणारी गाडी तेवढी तापतच नाही, आणि जाळी तुंबते. रोजचा रस्ता छोटा असेल तर ओढायला चांगलं म्हणून डिझेल घेऊ नका, हे मी अगदी मनापासून सांगतो.

इलेक्ट्रिक गाडीचं चित्र मोठं विलक्षण आहे. जागेवरून उठायला तिच्यासारखी दुसरी नाही, गिअरबॉक्स तापायची भीती जवळपास नाही, आणि घाट उतरताना मघाच्या ८८ लाख ज्यूलमधला मोठा भाग ती बॅटरीत परत भरते. फक्त वरून निघताना बॅटरी पूर्ण भरलेली नसावी, नाहीतर ती ऊर्जा घ्यायला जागाच नसते. पण उंच ट्रेलर लावला की रेंज जवळजवळ निम्मी होते, आणि याचं कारण तिच्या गुणातच आहे. पेट्रोल इंजिन हलक्या कामात बरीच ऊर्जा वाया घालवतं. ओझं वाढलं की त्याची कार्यक्षमता सुधारते, त्यामुळे ओझं दुप्पट झालं तरी इंधन दुपटीपेक्षा कमी वाढतं. इलेक्ट्रिक मोटर हलक्या कामातही ९० टक्क्यांच्या आसपास असते. तिला सुधारायला वाव नाही, म्हणून काम दुप्पट झालं की खर्चही सरळ दुप्पट. ट्रेलर दोन तासांच्या आत पोचणार असेल तर माझी पहिली पसंती इलेक्ट्रिकलाच.

ट्रेलर हजार किलोंच्या आतला असेल आणि महिन्यातून एक-दोनदा लागणार असेल, तर मध्यम वजनाची, लांब बांध्याची, ओढण्यासाठी कंपनीने स्पष्ट परवानगी दिलेली कार किंवा हायब्रिड दोन्ही कामं नीट करते. अनेक हायब्रिडना ती परवानगी नसते, एवढं तपासा. दोन टनांचा ट्रेलर वर्षातून दोनदाच न्यायचा असेल तर त्या दोन दिवसांपुरती मोठी गाडी भाड्याने आणा. मधल्या परिस्थितीत निवड अवघड होते, आणि तिथे घाट किती आणि माणसं किती, यावर मी ठरवेन.

गाडी घेतल्यावर पहिल्या लांबच्या प्रवासाआधी वाहनांच्या वजनकाट्यावर दोन फेऱ्या मारा. पहिल्या फेरीत नुसती गाडी, सगळी माणसं आणि सामान घेऊन: आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. दुसऱ्या फेरीत ट्रेलर जोडून तसंच, आणि शेवटी पूर्ण जोडी. दोन्ही वेळच्या पुढच्या चाकांचे आकडे शेजारी शेजारी लिहा. ते फार दूर गेले असतील तर ट्रेलरमधली सगळ्यात जड पेटी थोडी मागे, त्याच्या चाकांच्या दिशेने सरकवा, हूकवरचं वजन घरच्या काट्यावर पुन्हा मोजा आणि मगच निघा.