ठिसूळ हाडांची मुलं: तोलाचा प्रश्न उशिरा का आला

ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, म्हणजे हाडं जन्मतःच ठिसूळ असण्याचा आजार, असलेलं मूल उभं कसं राहतं, तोल कसा सावरतं, याकडे वैद्यकाचं लक्ष फार उशिरा गेलं. आधी ते उभं राहणंच मुश्कील होतं. हाड मोडलं की प्लास्टर, प्लास्टरमध्ये पडून पडून हाड आणखी विरळ आणि स्नायू लुळे, मग प्लास्टर निघतं न निघतं तोच पुढचं फ्रॅक्चर. १९५९ मध्ये वाकलेलं हाड ठिकठिकाणी कापून त्याचे तुकडे सळईत ओवायची शस्त्रक्रिया मांडली गेली आणि १९६३ मध्ये वाढीबरोबर लांबणारी सळई आली. पाय सरळ होऊ लागले. पुढे कॅलिपर बांधून मुलाला लवकर उभं करण्याचा आग्रहही सुरू झाला.

कण्याचं घोडं मात्र अडूनच राहिलं, आणि त्यात सर्वाधिक वाद पट्ट्याचा, म्हणजे ब्रेसचा. एरवी वाढत्या वयात पाठीला बाक आला की बाहेरून ब्रेस लावायचा, हा रूढ उपाय. तोच इथेही उचलला गेला. पण ब्रेसचा दाब कण्यापर्यंत पोचतो तो बरगड्यांमार्फत, आणि या मुलांच्या बरगड्याच मऊ. दाबाने कणा जागचा हलत नाही, छातीचा पिंजरा मात्र चेपतो. आधीच आखडलेल्या श्वासाला जागा आणखी कमी पडते. अनेक शल्यचिकित्सकांकडून गोळा केलेल्या रुग्णांच्या नोंदी १९८२ मध्ये प्रसिद्ध झाल्या, तेव्हा ब्रेसने बाक थांबत नाही असाच निष्कर्ष निघाला. तरीही ब्रेस लगेच हद्दपार झाला नाही. एक कारण उघड आहे: ब्रेस नाही म्हटलं तर उरते शस्त्रक्रिया, आणि ठिसूळ मणक्यात स्क्रू धरेल याची खात्री कोण देणार? बसताना आधार म्हणून मऊ पट्टा वापरणं वेगळं. वाद बाक सुधारण्याच्या दाव्याचा होता, आणि तो दावा फार काळ चालवून घेतला गेला असं माझं मत.

१९९८ मध्ये हाडांची झीज रोखणारं पामिड्रोनेट हे औषध शिरेतून ठरावीक अंतराने दिल्याचे परिणाम प्रसिद्ध झाले आणि चित्र पालटलं. चेपलेले मणके वाढत्या वयात पुन्हा उंची धरू लागले, मुलांची हालचाल वाढली. गंभीर प्रकारात औषध लवकर सुरू केलं तर बाक वाढण्याचा वेग मंदावतो. बाक मात्र टळतोच असं नाही.

पुढे मुलं चालू लागली, शाळेत जाऊ लागली, तेव्हा कुठे तोल हा स्वतंत्र विषय झाला. या आजारात दोष टाइप १ कोलॅजन या प्रथिनामध्ये, आणि ते हाडांइतकंच सांध्यात हाडं बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांतही असतं. त्यामुळे घोटे सैल, तळपाय सपाट. जुन्या फ्रॅक्चरने एक पाय आखूड झाला असेल तर मूल त्या पायाच्या चवड्यावर उभं राहतं, नाहीतर दुसरा गुडघा किंचित वाकवतं; तेही जमलं नाही तर कंबर कलते आणि तिला सावरायला पाठ उलटीकडे झुकते. म्हणजे तक्रार पाठीची आणि मूळ पायात, हा प्रकार नेहमीचा. बुटाच्या तळाशी जाड थर घातल्यावर पाठ किती सरळ होते, हे आधी बघून घ्यावं लागतं. काहींना वाढत्या वयात ऐकू कमी येतं. तोल राखणारा अवयवही कानातच असल्याने चक्कर किंवा झोक जाण्याची तक्रार असेल तर तीही कानाआड करून चालत नाही.

मोजमापाला दाब टिपणारी फळी वापरतात. मूल तिच्यावर स्तब्ध उभं राहतं, आधी डोळे उघडे, मग मिटून; शरीराचा भार किती डुलतो हे यंत्र टिपतं. अडचण ही की या चाचणीला बिनआधार उभं राहता यावं लागतं. या आजाराचे प्रकार पाडणाऱ्या १९७९ च्या वर्गीकरणातल्या सौम्य, म्हणजे पहिल्या प्रकारच्या मुलांना ते जमतं. तिसऱ्या, म्हणजे गंभीर प्रकारातली अनेक मुलं व्हीलचेअरवर असतात. त्यांच्या बाबतीत बसल्या जागी हात किती लांबवर नेता येतो, खुर्चीतून पलंगावर सरकताना धड स्थिर राहतं का, हेच बघावं लागतं.